वारा आणि वैशालीचं दार

माझ्या नवऱ्याला कोणी विचारलं, "वहिनी काय काम करतात?" तर तो वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायचा, "हवा खाते." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण खरं उत्तर द्यायला अर्धा तास लागायचा आणि तो अर्धा तास ऐकून घेतल्यावर समोरचा माणूस हमखास म्हणायचा, "म्हणजे पंख्यांचं काम का?"

पंख्यांचं नाही. जी इमारत अजून बांधलेलीच नाही, तिच्या चौकातून वारा कसा जाईल, कुठल्या खोलीत शिरेल आणि कुठल्या खोलीकडे ढुंकूनही बघणार नाही, हे आधीच शोधून सांगायचं, हा माझा धंदा होता. एसी नाही, पंखा नाही, फक्त बाहेरचा फुकटचा वारा. आधी हे मी पुठ्ठ्याच्या नमुन्यांवर आणि धुरावर करायची, नंतर संगणकावर करायला लागले. आता निवृत्त आहे. तरी कोणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी पडद्यांकडे जाते आणि मग माणसांकडे. घरातल्यांना याची लाज वाटते.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी गिरगावात नाडकर्णी साहेबांच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब वास्तुविशारद. त्यांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे, एवढंच माझं काम. घर लालबागला, चाळीत. चारी बाजूंनी तीन मजले, मधे चौक, आणि रस्त्यावरून चौकात यायला पश्चिमेला एक बोळ. बोळापुढे रस्ता, रस्त्यापलीकडे गिरणी. माझे वडील त्याच गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरणं. तिथं हवेत इतके तंतू उडतात की पाळी सुटल्यावर माणसं भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर पडायची.

संप लांबला. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर आलं. बाबा दिवसभर गॅलरीत उभे. आणि एक दिवस आईनं कठड्यावरून हात फिरवला आणि हात आम्हाला दाखवला. स्वच्छ. धुराडं बंद, खाती बंद, त्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांवरही काही बसेना. दुपारी तीनच्या सुमाराला बोळातून वारा यायचा, त्याला चक्क समुद्राचा वास येऊ लागला. मी लालबागला जन्मले, वाढले, पण समुद्र आपल्या इतक्या जवळ आहे हे मला तेव्हा कळलं. बाबा म्हणाले, "बिनपगारी वारा आहे हा, पोटभर घ्या." आम्ही हसलो.

मला मात्र त्या वाऱ्यानं पछाडलं. तो बोळातून आला की थेट समोर, पूर्वेच्या बाजूला तळमजल्यावर दत्ताराम परबांच्या खोलीत शिरायचा. त्यांचं कॅलेंडर फडफडायचं ते आम्हाला वरून ऐकू यायचं. आमच्या खोलीत, दक्षिणेला दुसऱ्या मजल्यावर, पान हलायचं नाही. असं का? मी साहेबांना विचारलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, तुम्ही नकाशा गिरवा. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही. बघू या का?"

मग आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत एक आठ फुटी लाकडी पेटी आली. एका टोकाला हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा. दुसऱ्या टोकाला सरबत प्यायच्या शेकडो नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, म्हणजे आत येणारी हवा शहाण्यासारखी सरळ रांगेत येते. एका बाजूला काच. मधोमध पुठ्ठ्याची इमारत ठेवायची, समोरून उदबत्तीचा धूर सोडायचा आणि बघत बसायचं.

पहिला नमुना मी आमच्याच चाळीचा केला. पंखा सुरू झाला. धुराची रेघ पश्चिमेच्या भिंतीवर आदळली आणि फुटली. काही धूर छपरावरून पलीकडे गेला, त्यातला थोडा चौकात उतरला, पूर्वेच्या भिंतीनं खाली आला, जमिनीवरून उलटा पश्चिमेकडे गेला आणि तिथून वर चढला. गोल गोल, संथपणे, चौकाच्या मापाचा एक भोवरा. आणि बोळातून एक बारीक पांढरा धागा आत आला, चौक ओलांडून सरळ परबांच्या बोटभर दारातून आत शिरला आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडला. मी ओरडले, "साहेब, हा आमचा वारा!" बाहेरच्या खोलीतले दोघे-तिघे उठून बघायला आले.

त्या दिवशी साहेबांनी जे समजावलं ते मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत आले. वारा ज्या भिंतीवर आदळतो तिथं हवेचा दाब वाढतो. इमारतीच्या मागच्या बाजूला तो कमी होतो, तिथं हवा ओढली जाते. खोलीला दाबाच्या बाजूला एक भोक आणि ओढीच्या बाजूला दुसरं भोक असेल तरच वारा खोलीतून जातो. एकच भोक असेल तर तो दारात येतो आणि परत जातो. आमच्या खोलीची दोन्ही भोकं सारख्याच दाबाच्या बाजूंना होती. परबांच्या खोलीला बोळ पुढून ढकलत होता आणि मागची खिडकी ओढत होती. इतकं साधं. पण साधं आहे हे कळायला धूर लागला.

पेटीची बातमी पसरली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. एकेक नग. एका शेटजींना वारा ईशान्येकडूनच हवा होता, पश्चिमेचा चालणार नाही म्हणाले. साहेब शांतपणे म्हणाले, "मी समुद्राला कळवतो." गिरगावातल्याच एका डॉक्टरांनी कबुतरांना कंटाळून दवाखान्याच्या, पेशंट बसतात त्या चौकावर प्लास्टिकचं छप्पर घालायचं ठरवलं होतं. आम्ही त्यांच्या दवाखान्याचा नमुना पेटीत ठेवला. छपराशिवाय धूर चौकात घुटमळून वर निघून गेला. छप्पर ठेवलं, तर धूर बाकांच्या उंचीवर जमला आणि तिथंच लोंबकळत राहिला. डॉक्टर दहा मिनिटं काचेला नाक लावून उभे होते. "माझे खोकल्याचे पेशंट या धुरात बसणार?" एवढंच म्हणाले, आणि छपराऐवजी जाळी लावली. नंतर मात्र त्यांना धूर बघायचं व्यसनच लागलं. महिन्यातून एकदा काही ना काही निमित्त काढून यायचे आणि म्हणायचे, "आज कुठलं घर लावलंय?"

पुढे संगणक आला. पेटी हळूहळू जुन्या फायली ठेवायच्या कामाला लागली. मी चाळिशीत होते, इंग्रजी बेताचं, आणि समोर ते यंत्र. पण त्याची रीत कळली तेव्हा मला ते एकदम आपलंसं वाटलं. संगणक हवेचे लाखो लहान तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा फक्त आपल्या शेजाऱ्याला विचारतो, तुझ्याकडे काय आलं, माझ्याकडे काय पाठवतोस? सगळ्यांचं विचारून झालं की पुन्हा पहिल्यापासून. अशा हजारो फेऱ्या होतात आणि मग एक वेळ येते की उत्तरं बदलायची थांबतात. आमच्या चाळीत बातमी अशीच पक्की व्हायची. शनिवारी गणित लावायचं, सोमवारी येऊन बघायचं. जिथं वारा जोरात तिथं तांबडा रंग, जिथं पडलेला तिथं निळा. सोमवारी सकाळी तो पडदा उजळायचा तेव्हा मी दर वेळी देवळात गेल्यासारखी चप्पल काढून बसायची. कोणी विचारलं तर सांगायची, जमीन गार आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या चाळीचा पुनर्विकास निघाला आणि आराखड्याचं काम नाडकर्णी साहेबांच्या ऑफिसकडे आलं. तोवर आईबाबा गेले होते, मी लग्न होऊन माहीमला, आमची खोली भावाकडे. विकासकाला विक्रीचा टॉवर मागच्या बाजूला हवा होता. रहिवाशांसाठी पुढे सात मजले. साहेबांनी भांडून त्या सात मजल्यांच्या मधे चौक ठेवला, पश्चिमेचा बोळही ठेवला. वाऱ्याचं काम अर्थातच माझ्याकडे.

चाळीत सगळ्यांची नजर दत्ताराम परबांकडे होती. आम्ही त्यांना दत्तूकाका म्हणतो. बाबांच्या खात्यातले, त्यांच्याहून तरुण. संपात शेवटपर्यंत ताठ राहिलेले, म्हणून चाळीत त्यांच्या शब्दाला मान. त्यांची सही झाली की पूर्वेची बाजू सही करणार हे ठरलेलं होतं. पण कार्डिंगमधली वर्षं त्यांच्या छातीत राहिली होती. दुपारी तीनपर्यंत काका अर्ध्या वाक्यात बोलायचे. तीनला बोळातून वारा आला की दारातल्या खुर्चीत बसून पूर्ण वाक्यात बोलायला लागायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नवीन घरात तो वारा येणार की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बाकी मोठी मोरी, लिफ्ट, फरशी यांत त्यांना रस नव्हता.

नवीन इमारतीचं गणित करण्याआधी जुनीचं करून ते बरोबर येतंय का हे तपासायचं असतं. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी एखादा वायू सोडतात आणि तो कुठे कधी पोचतो ते मोजतात. आमच्याकडे कुठला वायू? पण मे महिना होता, आणि लालबागमध्ये मे महिन्यात वर्षाचा मसाला होतो.

आमच्या चाळीत एक पद्धत होती. मिरच्या चौकात भाजायच्या त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी, नळाच्या कोपऱ्यात, आणि दुपारी तीननंतरच. का, ते कोणी विचारायचं नाही. मी संगणकात तो कोपरा धरून गणित लावलं आणि सोमवारी पडद्याकडे बघतच राहिले. त्या कोपऱ्यातली हवा जमिनीवरून पश्चिमेच्या भिंतीला लागते, भिंतीनं सरळ वर चढते आणि छपरावरून निघून जाते. पश्चिमेच्या खोल्यांत शिरत नाही, कारण त्या खोल्यांतून वारा चौकात बाहेर येत असतो. अख्ख्या चौकात मिरच्या भाजायला ती एकच जागा निर्धोक, आणि तीही समुद्रावरचा वारा सुरू झाल्यावरच. दत्तूकाकांची बायको, आमची काकी, तिला मी तो रंगीत कागद दाखवला. ती म्हणाली, "एवढं सांगूक तुका मशीन लागला?"

तरी मी हट्ट केला की एकदा चुकीच्या कोपऱ्यात भाजून बघू या. काकांना आधी रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात नेऊन बसवलं. काकीनं पूर्वेच्या कोपऱ्यात स्टोव्हवर कढई ठेवली आणि बेडगीच्या मुठी सोडल्या. मी चौकात घड्याळ आणि वही घेऊन उभी. पहिला ठसका तळमजल्यावर परबांच्या शेजारच्या खोलीतून. मग त्याच्या वरची खोली. मग दुसऱ्या मजल्यावरून शिंका आणि शिव्या. पश्चिमेच्या बाजूला सगळे मजेत गॅलरीत उभे राहून आमची मजा बघतायत. वहीतला क्रम आणि पडद्यावरचा क्रम मी ताडून पाहिला. एक खोली सोडली तर सगळ्या जागच्या जागी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते फक्त मिरच्यांचं नव्हतं. कुठल्या तरी जुन्या बायकांनी, ज्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत, पुठ्ठा नाही, धूर नाही, संगणक नाही, नुसत्या खोकल्यावरून हा चौक वाचून ठेवला होता.

या यशानं मी फुगले. तेच गणित, त्याच सवयीनं, नवीन इमारतीवर चढवलं. चित्र आलं ते इतकं सुंदर की साहेबांनी ते मोठं छापून घेतलं. बोळातून तांबडा पट्टा चौकात येतोय, पूर्वेच्या प्रत्येक घरात शिरतोय, मागच्या खिडकीतून बाहेर जातोय. सभेच्या दिवशी आम्ही ते चौकात कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यांनी टांगलं. काका खुर्ची पुढे ओढून बसले. तीन वाजून गेले होते.

"वारो येतलो मां?" त्यांनी विचारलं.

"येणार काका. बघा ना, हे तुमचं घर."

"मग तू सांगशीत थय मी सही करतंय." त्यांनी खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात मागून त्यांची सून वैशाली म्हणाली, "ताई, एक विचारू? यात दार कुठंय?"

"हे काय, इथे."

"ते उघडं दिसतंय."

"हो, उघडंच आहे."

"आणि लावल्यावर?"

मी म्हटलं, "दार कशाला लावायचं?" आणि सगळे हसले. म्हणजे जुने सगळे हसले. वैशाली हसली नाही. ती म्हणाली, "ताई, मला नवीन घर कशासाठी हवंय माहितीये? दार लावायला मिळेल म्हणून. लग्नाला नऊ वर्षं झाली. दिवसा मी एकदाही दार लावलेलं नाही. साडी बदलायची तर पडद्याआड. नवऱ्याशी भांडायचं तर खुणेनं. आत सगळं येणारे ना आता? संडाससुद्धा? मग मी दार उघडं कशाला ठेवू?"

मी चित्राकडे वळले. सात मजले, सगळी दारं, आणि एकूण एक दार सताड उघडं. नकाशा काढताना मी एकदाही थांबून विचार केला नव्हता. चाळीत दिवसा दार लावतं कोण? कोणी गेलं असेल तर, नाहीतर घरात काही लपवायचं असेल तर. पार्ल्यात किंवा पुण्यात बंगल्यात वाढलेल्या कुठल्याही पोरानं ही चूक केली नसती. त्यानं दारं बंदच काढली असती. ही चूक करायला चाळीतच जन्मावं लागतं.

मी म्हटलं, "काका, पेन ठेवा. माझं चुकलंय." साहेब माझ्याकडे बघत राहिले. विकासकाचा माणूस तर असा बघत होता की मी त्याचं घर पेटवलंय. पण बोलणं भाग होतं. सही माझ्या शब्दावर होत होती.

दारं बंद करून मी पुन्हा गणित लावलं. सोमवारी पडदा उजळला. चौकात तोच भोवरा, बोळातून तोच तांबडा पट्टा, पण तो पूर्वेच्या दारांवर येऊन आपटत होता आणि परत फिरत होता. दारामागे सगळी घरं निळी. काकांचं घर सगळ्यांत निळं. त्या दिवशी मला काम नकोसं झालं. कारण वैशालीचं चूक नव्हतं आणि काकांचंही चूक नव्हतं. वाऱ्याला दार उघडं हवं होतं आणि माणसांना ते लावायचं होतं, आणि एकाच घरात.

दाराच्या वर झडप ठेवावी असं पहिल्यांदा सुचलं. जुन्या घरांत असायचीच. मी वैशालीला विचारायला गेले, आधी तिलाच, कारण आता अक्कल आली होती. ती म्हणाली, "मग बोलणं बाहेर जाणार. चाळीचीच चाळ." तेही खरं. मग मी एका वेगळ्याच पेटीच्या मागे लागले. झडपेऐवजी दाराच्या वर एक चपटी पेटी. हवा बाहेरून आत येताना तीत दोनदा वळेल. पेटीला आतून मऊ अस्तर, म्हणजे आवाज वळणावर मुरेल आणि वारा तेवढा पुढे जाईल. तीन महिने मी त्या पेटीची लांबी, रुंदी, वळणाची जागा बदलत बसले होते. अरुंद केली की वारा अडायचा, रुंद केली की दारावर मावायची नाही. शेवटी एक माप असं आलं की बंद दारामागचं घर निळ्याचं हिरवं झालं. तांबडं नाही झालं. उघड्या दाराच्या निम्मा वारा, पण जिवंत वारा, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

दुसऱ्या सभेत मी हे सगळं सांगितलं. निम्मा हे निम्मा म्हणूनच सांगितलं. बोळाला पुढे कधीही काचेचं दार लावायचं नाही असं करारात घालायला लावलं. काका म्हणाले, "निम्मो तर निम्मो." वैशालीनं मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, "ताई, आवाज नक्की जाणार नाही ना?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नाही जाणार. माझी जबाबदारी." आणि सह्या झाल्या.

इथं एक कबूल करते. वाऱ्याचं गणित मी केलं होतं, आवाजाचं केलं नव्हतं. मला ते येतच नव्हतं. दोन वळणं आणि अस्तर म्हणजे झालं, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

इमारत व्हायला वर्षं गेली, ती जातातच. रहिवासी संक्रमण शिबिरात जाऊन परत आले. मधल्या काळात साहेब गेले, मी निवृत्त झाले. गिरणीच्या जागेवर पश्चिमेला दोन टॉवर उभे राहिले आणि समुद्राचा वारा त्यांच्यामधून वाट काढत यायला लागला. माझ्या गणितात तिथं गिरणीची बसकी छपरं होती. त्यामुळे मी वारा मोजायचं हातातलं यंत्र पर्समध्ये टाकून काकांकडे गेले तेव्हा धाकधूकच होती.

दुसरा मजला, पूर्वेची बाजू. सगळी दारं बंद. तसा मजला मी लालबागमध्ये पहिल्यांदाच पाहत होते. घंटा वाजवली. वैशालीनं दार उघडलं आणि मी आत येताच लावून घेतलं. काका खिडकीपाशी खुर्चीत, पंखा बंद. दुपारचे साडेतीन. मी यंत्र वर धरलं. आकडा माझ्या हिशेबाच्याही निम्मा आला. पण शून्य नव्हता. पेटीतून येणारी हवा माझ्या मनगटाला लागत होती, आणि पलीकडे खिडकीचा पडदा बाहेरच्या बाजूला किंचित फुगला होता. ज्या हवेला मी नुसतं रंगांत पाहिलं होतं, ती माझ्या हाताला लागली. काका माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ही पेटी आमच्या शैलाच्या डोक्यातसून निघाली, असा मी येयत तेका सांगतंय." एका दमात. पूर्ण वाक्य.

चहा झाला. वैशाली मला लिफ्टपर्यंत सोडायला आली, बाहेर आल्यावर तिनं दार ओढून घेतलं. आम्ही चार पावलं गेलो असू. आणि मागून काकांचा आवाज आला, अगदी स्वच्छ, जणू ते आमच्याबरोबरच चालत होते, "शैलाच्या चहात साखर कमी पडली गो." आणि काकीचं उत्तर, "तुमका काय, तुमका सगळ्यातच कमी."

मी जागच्या जागी थांबले. बंद दार. वर माझी पेटी. दोन वळणं, अस्तर, सगळं जिथल्या तिथं. आणि एकेक अक्षर बाहेर.

"वैशाली," मी म्हटलं, "हे असं रोज?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगं मग सांगायचंस ना! मी तुला शब्द दिला होता. त्याला आतून फळी मारता येते, सुतार अर्ध्या तासात—"

तिनं बोट ओठावर ठेवलं. मला हाताला धरून लिफ्टच्या पलीकडे नेलं.

"सुतार बोलावला होता मी," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. शिडी लावून फळी हातात घेऊन उभा होता. मी तुमच्या काकांना उठवायला आत गेले, म्हटलं ठोकाठोक होईल. तर ते आडवे झोपले होते, ताई. मी या घरात आल्यापासून त्यांना आडवं झोपलेलं पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकून बसूनच झोपायचे, दिवसा दाराशी, रात्री दार लावलं की वाऱ्याशिवाय. त्या दिवशी पलंगावर पाठ टेकून, तोंड उघडं, घोरत होते."

"मग?"

"मग काय. सुताराला परत पाठवलं." तिनं मागे वळून बंद दाराकडे एकदा पाहिलं. "आम्हीच हळू बोलायला शिकलो. त्यांना नका सांगू."

हे सगळं ती इतक्या हळू बोलली, की लिफ्ट आली तेव्हा तिच्या दाराच्या आवाजानं मी दचकले.